दात्याचे माप

लखनौहून रेल्वेने कानपूरकडे निघाले की थोड्याच वेळात मानक नगर हे स्थानक लागते. रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना येथे आहे. १९५७ साली स्थापन झालेली ही संस्था रूळ, डबे, सिग्नल यांची मानके ठरवते. ही मानके आपली, ती वापरणारी रेल्वेही आपली. आरोग्याच्या क्षेत्रात परदेशातून पैसा येतो, तेव्हा मात्र माप कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो.

त्याचे उदाहरण याच लखनौत सापडते. १९९२ साली अमेरिकेच्या विकाससंस्थेने उत्तर प्रदेशातील कुटुंबनियोजनासाठी साडेबत्तीस कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले आणि ते राबवण्यासाठी लखनौत एक स्वायत्त संस्था निघाली. या कराराचे वैशिष्ट्य असे, की रक्कम झालेल्या खर्चाच्या हिशेबावर नव्हे, तर आधी ठरलेली फलिते पदरात पडल्यावर मिळावयाची होती. या रीतीने कामाला शिस्त येते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याचे मोजमाप होते त्याकडे सर्वांचे लक्ष आधी जाते, आणि जे मोजले जात नाही ते मागे राहते, हेही तितकेच खरे.

शिवाय दात्याचे माप स्थिर असतेच असे नाही. कुटुंबनियोजनासाठी अमेरिकेचे साहाय्य घेणाऱ्या परदेशी स्वयंसेवी संस्थांनी स्वतःच्या पैशानेदेखील गर्भपाताची सेवा देऊ नये वा त्याचा पुरस्कार करू नये, असा नियम त्या देशाने १९८४ साली केला. १९९३ मध्ये तो उठला, २००१ मध्ये परत आला. २००९ मध्ये पुन्हा उठला, २०१७ मध्ये पुन्हा आला. २०२१ मध्ये गेला आणि २०२५ मध्ये परतला. सत्तेवरचा पक्ष बदलला की नियम बदलला. या साऱ्या काळात आपल्याकडे १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा लागू होता. म्हणजे आपल्या संसदेने दिलेली मुभा आपल्याच एखाद्या संस्थेला वापरता येईल की नाही, हे वॉशिंग्टनमधील निवडणुकीवर अवलंबून राहिले. पुढे २०२५ च्या जुलैमध्ये त्या विकाससंस्थेचे स्वतंत्र कामकाजच संपुष्टात आले.

हा दोष एकट्या अमेरिकेचा मानू नये. २०२१ च्या जानेवारीत भारताने पुण्यात तयार झालेली करोनाची लस भूतानला भेट दिली. पहिली मात्रा देण्याची मोहीम तेथे २७ मार्चला सुरू झाली. तोच आपल्याकडे साथीची दुसरी लाट उसळली आणि लशीची निर्यात थांबली. आपल्या माणसांना आधी वाचवणे हे आपले कर्तव्यच होते. परंतु भूतानला दुसऱ्या मात्रेसाठी जुलैपर्यंत थांबावे लागले, आणि तीही अमेरिका, डेन्मार्क आदी देशांकडून घ्यावी लागली. आपला हेतू निर्मळ होता. तरी घेणाऱ्याचे वेळापत्रक देणाऱ्याच्या अडचणीने मोडले.

म्हणून मदत नाकारू नये. पण तिच्यावर घराचा पाया घालू नये. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारचा आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. हे माप कोणा दात्याने घालून दिलेले नव्हते, आपणच ठरवले होते. ते मुदतीत गाठता आले नाही, आणि याचा जाब विचारण्याचा अधिकार सर्वस्वी आपला आहे.