बर्मा-शेल : भाव कोण ठरवतो?

(कुपवाड येथील अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतून माल भरून मोटार बाहेर पडते तेव्हा तिच्या भाड्याचा मोठा हिस्सा डिझेलच्या भावावर अवलंबून असतो. हा भाव कुपवाडला ठरत नाही, सांगलीलाही ठरत नाही. मग तो कोण ठरवतो? शंभर वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या घरात घासलेटचा कंदील लावणाऱ्या बाईपुढेही हाच प्रश्न होता. त्याचे उत्तर बर्मा-शेल कंपनीच्या इतिहासात सापडते.

बर्मा-शेल ही दोन मातब्बर घराण्यांची सोयरीक होती. बर्मा ऑइल कंपनी १८८६ साली स्कॉटलंडमध्ये स्थापन झाली. ब्रह्मदेशाचे तेल आणि हिंदुस्थानची बाजारपेठ हा तिचा पाया. इराणातील तेलशोधास याच कंपनीने पैसा पुरविला आणि त्यातून १९०९ साली अँग्लो-पर्शियन, म्हणजे आजची बीपी, जन्मास आली. दुसरे घराणे शेलचे. मार्कस सॅम्युएल याचे ‘म्यूरेक्स’ हे तेलवाहू जहाज १८९२ साली सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आले. १९०७ साली शेल आणि हॉलंडची रॉयल डच या कंपन्या एकत्र आल्या.

१९२७ साली शेल आणि अमेरिकन स्टँडर्ड ऑइलची न्यूयॉर्कची कंपनी यांच्यात हिंदुस्थानच्या बाजारात भावयुद्ध पेटले. अमेरिकन कंपनी रशियाचे रॉकेल आणून विकू लागली, म्हणून शेलने भाव पाडले. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधील अ‍ॅक्नाकॅरीच्या किल्ल्यात जगातील बड्या तेल कंपन्यांचे प्रमुख जमले आणि ज्याचा बाजारात जितका वाटा आहे तितकाच पुढे राखावा, असे त्यांनी आपसात ठरविले. त्याच १९२८ साली या देशात तेल साठविण्यासाठी व विकण्यासाठी बर्मा-शेल ही संयुक्त कंपनी उभी राहिली. खुल्या स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्या भांडवलशाहीचा खरा कल मक्तेदारीकडे असतो, याचा हा धडधडीत पुरावा होय.

भाव ठरविण्याची रीत तर अधिकच विलक्षण होती. तेल इराणच्या आखातातून आले, तरी भाव मेक्सिकोच्या आखातातून आल्याप्रमाणे, तिथल्या जहाजभाड्यासह, आकारला जाई. जो प्रवास घडलाच नाही त्याचे भाडे गिऱ्हाईक भरत होते! स्वातंत्र्यानंतरही ही वृत्ती पालटली नाही. १९५१ च्या करारांनुसार परकीय कंपन्यांनी तुर्भ्याला तेलशुद्धीकरणाचे कारखाने काढले; बर्मा-शेलचा कारखाना १९५५ साली सुरू झाला. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण न करण्याची हमी सरकारने दिली होती. कच्चे तेल मात्र या कंपन्या आपल्याच भावंड कंपन्यांकडून घेत. विकणारा हात आणि विकत घेणारा हात एकाच देहाचे असल्यावर भावाची घासाघीस व्हावी कोणाशी? मुंबईत शुद्ध झालेल्या तेलाचा भावही ते परदेशातून आयात केले आहे असे समजून ठरविला जाई. १९६० साली रशियाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले, तेव्हा ते शुद्ध करून देण्यास या कंपन्यांनी साफ नकार दिला.

त्यांना हे बळ कोठून आले? केवळ विहिरींच्या मालकीतून नव्हे. विहीर, जहाज, कारखाना, वखार आणि विक्रेता ही सारी साखळी त्यांच्या मुठीत होती. इराणच्या मोसाद्देक यांनी १९५१ साली तेलाचे राष्ट्रीयीकरण केले. विहिरी हाती आल्या. पण जहाजे आणि बाजार कंपन्यांकडेच राहिल्याने तेल विकता येईना, आणि १९५३ साली ब्रिटन-अमेरिकेच्या कारस्थानाने त्यांचे सरकार उलथले गेले.

भारताने पावले निराळ्या क्रमाने टाकली. केशवदेव मालवीय यांच्या आग्रहातून तेल व नैसर्गिक वायू आयोग १९५६ साली उभा राहिला. अंकलेश्वरला तेल लागले. रशियाच्या साहाय्याने बरौनी व कोयलीचे कारखाने झाले. इंडियन ऑइलने स्वतःची विक्रीव्यवस्था बांधली. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने बॉम्बे हायचे तेल शोधले. आधी विद्या, मग कारखाना, मग बाजार, आणि अखेरीस कायदा. १९७४ साली एस्सो आणि १९७६ साली बर्मा-शेल राष्ट्राच्या मालकीची झाली. त्यांच्यातूनच आजचे हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम घडले.

ही कमाई सहज गमावता येते. संसदेच्या संमतीवाचून या दोन कंपन्या विकता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली दिला. पण ज्या कायद्यांच्या आधारे तो दिला, ते कायदेच २०१६ साली रद्द करण्यात आले. २०१९ साली भारत पेट्रोलियममधील सरकारचा संपूर्ण हिस्सा विकण्याचे ठरले. २०२२ साली तो बेत मागे घ्यावा लागला, तो तत्त्वासाठी नव्हे. बोली लावणारेच मागे सरले म्हणून.

मात्र मालकी सरकारची झाली म्हणजे समाजवाद आला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तुर्भ्याच्या कारखान्यांशेजारच्या माहुल गावचे रहिवासी विषारी हवेविरुद्ध वर्षानुवर्षे झगडत राहिले. २०२० साली राष्ट्रीय हरित लवादाने हिंदुस्थान पेट्रोलियमला ७६.५ कोटी आणि भारत पेट्रोलियमला ६७.५ कोटी रुपयांची भरपाई भरण्यास सांगितले. इंधनावरील कराचा बोजाही गरिबाला विचारून कोणी ठरवीत नाही.

म्हणून मागणी दुहेरी असली पाहिजे. लोकांच्या पैशाने उभे राहिलेले हे उद्योग लोकांच्याच मालकीचे राहावेत. आणि त्यांचा नफा, भाव, कर व प्रदूषण यांचा हिशेब लोकांपुढे उघडा असावा. अ‍ॅक्नाकॅरीच्या किल्ल्यात जे ठरले, ते बंद दाराआड ठरले. दिल्लीत ठरणारा भावही बंद दाराआडच ठरणार असेल, तर कुपवाडच्या मोटारचालकाला मालक बदलल्याचे कळावे कसे?