पाण्यातील प्राणवायू आणि त्याची अहोरात्र मोजणी



या सभागृहात मी आजवर रक्तदाब, मधुमेह, वृद्धांचा आहार अशा विषयांवर बोलले आहे. या वेळी पाण्याविषयी बोलेन असे कळविले, तेव्हा चिटणीसांनी विचारले, "परिचारिकेचा आणि सरोवराचा संबंध काय?" संबंध प्राणवायूचा आहे. रक्तातील प्राणवायू मोजण्यासाठी जे साधन निर्माण झाले, तेच पुढे नद्या, सरोवरे आणि मत्स्यतळी यांच्या पाण्यात उतरले.

एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर गोड्या पाण्यात, ते २० अंश तापमानाचे असेल तर, जेमतेम ९ मिलिग्रॅम मावतो. तापमान ३० अंशांवर गेले की साडेसातच. म्हणजे उन्हाळ्यात माशाची भूक आणि श्वासाची गरज वाढते आणि नेमका त्याच वेळी पाण्यातील साठा आटतो. सर्वसाधारणपणे ५ मिलिग्रॅमच्या वर मासा सुखी असतो. २ च्या खाली बहुतेक जाती संकटात सापडतात.

मुंबईत मी परिचारिकेची पदविका घेत होते, त्या काळी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नव्हता. रुग्णाचे ओठ आणि नखे निळसर दिसतात का, हे पाहण्यास आम्हांला शिकवीत. पुढे समजले की निळेपणा हे फार उशिराचे लक्षण आहे. डोळ्यांना दिसेपर्यंत रक्तातील प्राणवायू बराच घसरलेला असतो. तळ्यातही हेच घडते. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडीत असतील, तर मदतीची वेळ जवळजवळ निघून गेलेली असते.

पाण्यातील प्राणवायू मोजण्याची रासायनिक रीत हंगेरीच्या विंकलर यांनी १८८८ साली दिली. ती अचूक आहे, आजही वापरली जाते. परंतु बाटली भरा, रसायने घाला, थेंब मोजा, असा तो खटाटोप असतो. मग आले अमेरिकेतील लेलंड क्लार्क. शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय व फुप्फुसे यांचे काम करणाऱ्या यंत्रावर त्यांचे संशोधन चालले होते, आणि यंत्रातून बाहेर पडणाऱ्या रक्तात प्राणवायू किती, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. प्लॅटिनमच्या तारेवर त्यांनी एक पातळ पडदा बसविला. त्यातून प्राणवायू आत झिरपतो, रक्तातील इतर घटक बाहेर राहतात. १९५६ साली त्यांनी हे साधन प्रसिद्ध केले. आजच्या अनेक सेन्सरांत तारही नसते. एका रंगद्रव्यावर निळा प्रकाश टाकतात, ते लाल चमकते; भोवती प्राणवायू जितका अधिक, तितकी ती चमक लवकर विझते. त्या विझण्यावरून आकडा निघतो आणि क्षणात दूरध्वनीवर पोहोचतो.

आकडा मिळाला म्हणजे सर्व कळले, असे मात्र नव्हे. काही सेन्सर टक्केवारी दाखवितात. शंभर टक्के म्हणजे त्या तापमानाच्या पाण्यात मावेल तेवढा प्राणवायू. गरम पाण्यातील शंभर टक्के हे थंड पाण्यातील शंभर टक्क्यांपेक्षा कमी असतात. पंडुरोगी बाईच्या बोटावरील यंत्र अठ्ठ्याण्णव दाखविते आणि तरी जिना चढताना तिला धाप लागते, कारण प्राणवायू वाहून नेणारे रक्तद्रव्यच कमी असते. येथेही तोच धोका आहे. पाण्याच्या बाबतीत आणखी एक गंमत अशी की आकडा शंभराच्या वर जातो. भरदुपारी, हिरव्या शेवाळाने गच्च भरलेल्या तळ्यात दीडशे टक्केही दिसतात. अननुभवी मनुष्य आनंदित होतो. अनुभवी मनुष्य त्या रात्री झोपत नाही.

आमचे धाकटे दीर बेत शआन खोऱ्यात मत्स्यतळ्यांवर अनेक वर्षे नोकरीस होते. त्यांच्याकडून मी हे शिकले. सूर्य असेपर्यंत शेवाळ प्राणवायू निर्माण करते. सूर्य मावळला की तेच शेवाळ माशांबरोबर प्राणवायू खाऊ लागते. दुपारी जितके जास्त, तितकी रात्रीची घसरण मोठी, आणि सर्वांत वाईट घटका पहाटेची. दीर तीन वाजता विजेरी आणि मीटर घेऊन बांधावरून फिरत. एका तळ्यापासून शेवटच्या तळ्यापर्यंत जाईतो पहिल्याचा आकडा शिळा झालेला असे. आता सेन्सर पाण्यातच राहतो, आणि आकडा ठरलेल्या मर्यादेखाली गेला की पाणी घुसळणारी चक्रे आपोआप सुरू होतात.

पूर्वी शब्बाथच्या रात्रीचा प्रश्न त्यांना नेहमी छळीत असे. रुग्णाचा जीव वाचविण्यासाठी शब्बाथचे नियम बाजूला ठेवता येतात, हे मला कामामुळे ठाऊक होते. माशांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. परंतु मुक्या जिवाला यातना होऊ देऊ नयेत, हीही आपलीच शिकवण. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मर्यादा ठरवून ठेवली की चक्रे स्वतःच चालू-बंद होतात, यामुळे प्रश्न पुष्कळसा हलका झाला. रात्री दूरध्वनीवर इशारा वाजला तर काय करावे, याचा निर्णय रब्बींनी द्यावा; मी त्यात पडत नाही.

इशाऱ्यांविषयी मात्र मी अधिकाराने बोलू शकते. अतिदक्षता विभागात दिवसभर घंटा वाजत राहिल्या की कान त्यांना सरावतात. मर्यादा फार वर ठेवली तर उगाच शंभरदा वाजते आणि एकशेएकाव्या वेळी कोणी उठत नाही. शिवाय सेन्सर मळतो. ऊबदार तळ्यात काही दिवसांत त्यावर बुळबुळीत थर चढतो, आणि मग यंत्र तळ्याचा नव्हे, त्या थराचाच श्वास मोजू लागते. नखांवर गडद रंग असलेल्या किंवा बोटे गार पडलेल्या रुग्णाचा आकडा आम्ही कधी डोळे मिटून लिहून घेतला नाही. बोट बदलून पाहत असू. दीरही आठवड्यातून एकदा सेन्सर बाहेर काढून पुसत आणि दुसऱ्या मीटरशी ताडून पाहत. काही सेन्सरांना आता पुसणारा लहानसा ब्रशच बसविलेला असतो. सामू, तापमान, अमोनिया हेही पाहावे लागते. सामू चढला की तेवढाच अमोनिया माशांना अधिक विषारी ठरतो, आणि प्राणवायूच्या आकड्यात त्याची चाहूल लागत नाही.

आता आपल्या किन्नेरेतकडे येते. तेथील प्रयोगशाळा १९६८ साली स्थापन झाली आणि १९६९ पासून सरोवराची नियमित तपासणी चालू आहे. खोली सुमारे ४० मीटर. वसंतापासून वरचे पाणी तापते, खालचे गार व जड राहते, आणि दोन्ही मिसळत नाहीत. वरून मरून पडलेले शेवाळ तळाशी कुजते. उन्हाळ्यात खालच्या थरातील प्राणवायू पूर्ण संपतो आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू साठतो. हिवाळ्यात पाणी पुन्हा एकत्र होते. उन्हाळ्याच्या दुपारी भूमध्य समुद्राकडून पश्चिमेचा वारा उतरतो. तो वरचे पाणी पूर्वेकडे ढकलतो, आणि तिबेरियाच्या बाजूस खालचा श्वासहीन थर वर येतो. काठाजवळचे मासे त्यात सापडले तर गुदमरतात. किनाऱ्यावर मेलेले मासे दिसले की लोकांना प्रथम विषाचा संशय येतो. हे पाणी काही तासांत परत खाली जाते, म्हणून आठवड्यातून एकदा नौकेने जाऊन घेतलेल्या नमुन्यात त्याचा मागमूस नसण्याची शक्यता अधिक. दर काही मिनिटांनी, निरनिराळ्या खोलींवर मोजणाऱ्या सेन्सरांच्या साखळीत ती चढउतार स्पष्ट उमटते. तरी नौका थांबवू नये, असे माझे मत आहे. १९६९ पासूनच्या नोंदींशी ताडून पाहता आले, तरच आजचा आकडा आजाराचा की नेहमीचा, हे सांगता येते. रुग्णाचे जुने केसपेपर कोणी फेकून देत नाही.

सुक्कोथनंतर आपली सहल किन्नेरेतला जाणार आहे. तोवर वारा मंदावलेला असेल, पण तिबेरियाच्या धक्क्यावर उभे राहून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मत्स्यतळ्यांविषयीचे प्रश्न मला विचारू नका. आमचे दीर मागच्या बाकावर बसले आहेत, आणि मी अर्धा तास बोलले तेवढ्यात त्यांनी दोनदा मान हलविली आहे. तेव्हा त्यांच्या दुरुस्त्या आधी ऐकून घेऊ.