मुख्याध्यापकाच्या पाठीशी कोण?

(हीरकमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घेताना इमारत, निकाल, पटसंख्या आणि नामवंत विद्यार्थी यांचा हिशेब सहज मांडता येतो. या साऱ्याचा भार ज्या खुर्चीवर पडतो, तिला आधार कोणाचा, हा प्रश्न मात्र समारंभांत फारसा निघत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

भारतात मुख्याध्यापक बहुधा वर्गातूनच येतो. महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीत तर हे पद सेवाज्येष्ठतेने भरण्याची तरतूद आहे. त्यात गैर काही नाही. वीस-पंचवीस वर्षे फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या शिक्षकाला शाळेची नाडी कळलेली असते. परंतु काल भूगोल शिकवणारी व्यक्ती आज सेवापुस्तके, वेतनबिले, रजेचे अर्ज, संस्थाचालकांच्या अपेक्षा आणि पालकांच्या तक्रारी या सर्वांची धनी होते, आणि हे काम तिला शिकवलेले नसते. लहान शाळांची स्थिती याहून अवघड आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद 150 हून अधिक पट असेल तरच धरले जाते. त्याहून कमी पटाच्या शाळेत एखादा ज्येष्ठ शिक्षक दोन वर्ग एकत्र बसवतो, पोषण आहाराचे धान्य मोजून घेतो, दुपारी कार्यालयात माहिती भरून पाठवतो, आणि गाव त्यालाच मुख्याध्यापक म्हणते.

हे एकटेपण जाणत्यांच्या लक्षात आले नव्हते असे नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (1964-66) शाळासमूहाची कल्पना मांडली. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र; गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीशी त्यांचे नाव जोडलेले आहे. परिसरातील माध्यमिक शाळेने भोवतालच्या प्राथमिक शाळांना हात द्यावा, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि अनुभव वाटून घ्यावा, असा त्या कल्पनेचा गाभा होता. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पाच ते दहा किलोमीटरच्या परिघातील शाळांचे संकुल सुचवताना याच आयोगाचा हवाला दिला. दोन दस्तऐवजांमध्ये अर्धशतकाहून अधिक काळ गेला, ही गोष्ट कल्पनेच्या मोठेपणाइतकीच अंमलबजावणीच्या मंदगतीबद्दलही बोलते.

मधल्या काळात यंत्रणा उभ्या राहिल्या नाहीत असेही म्हणता येत नाही. 1986 च्या धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे शिक्षकांच्या तोंडी असलेले 'डाएट', जन्माला आल्या. 1994 पासूनच्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमातून आणि पुढे सर्व शिक्षा अभियानातून गट आणि समूह पातळीवरील साधनकेंद्रे आली. एका समूह-समन्वयकाकडे साधारणतः 18 शाळा असाव्यात असे सूत्र ठरले. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर, म्हैसूर आणि शिलाँग येथे एनसीईआरटीच्या प्रादेशिक संस्था आहेत. 2012 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन विद्यापीठात शालेय नेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. 2019 च्या 'निष्ठा' उपक्रमात शिक्षकांबरोबर शाळाप्रमुखांनाही सामावून घेण्यात आले. नव्या धोरणाने तर शाळाप्रमुखांसाठी वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा नोंदवली आहे.

मग उणीव कोठे आहे? ती तासांत नाही, अंतरात आहे. तिसरीतील बारा मुलांना वाक्य वाचता येत नाही, असे समजा. मुख्याध्यापकाला त्या दिवशी ध्वनिफीत किंवा प्रमाणपत्र नको असते. त्याला असा जाणकार हवा असतो की जो वर्गात मागच्या बाकावर बसेल, मुलांना एकेक करून वाचायला लावेल, कोणाला अक्षर अडते आणि कोणाला जोडाक्षर हे सांगेल, शिक्षकाशी न रागावता बोलेल आणि तीन आठवड्यांनी पुन्हा येईल. हे 'पुन्हा येणे' सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्मीळ. समूह-समन्वयकाची नेमणूक मुळात याच कामासाठी होती. पण गणवेश किती वाटले, किती बँकखाती जोडली, कोणते रकाने रिकामे राहिले, हे विचारण्यातच त्याची भेट संपते. अठरा शाळांचा सल्लागार अठरा शाळांचा टपालवाला झाला, तर दोष त्या व्यक्तीचा मानता येत नाही. त्याच्याकडून वरून जे मागितले जाते, तेच तो खाली मागतो.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांच्या बाबतीत या अंतराला भाषेची आणखी एक भिंत आहे. संविधानाच्या अनुच्छेद 30 ने भाषिक अल्पसंख्याकांना शाळा स्थापन करण्याचा व चालवण्याचा अधिकार दिला, 350-क ने प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीची जबाबदारी राज्यांवर सोपवली. कर्नाटक आणि गुजरात ही राज्ये मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके काढतात, हे कृतज्ञतेने नोंदवायला हवे. परंतु पुस्तक मुलाच्या हाती येते; मुख्याध्यापकाचे प्रशिक्षण, परिपत्रक आणि बैठक मात्र राज्याच्या भाषेत होते. तेथील राज्यभाषा शिकणे हे मराठी शाळाप्रमुखाचे कर्तव्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न असा की मराठी वाचन पहिलीत कसे रुजवावे, घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला मराठीत कसे आणावे, याविषयी त्या बैठकीत बोलायला कोण असते? बेळगाव, बडोदा, इंदूर, हैदराबाद येथील मराठी शाळांपुढचे पेच पुष्कळदा एकसारखे असतात, पण त्यांचे प्रमुख एकमेकांना क्वचितच भेटतात. त्यांना जोडणारी कोणतीही शासकीय कडी नाही, कारण प्रत्येक शाळा वेगळ्या राज्याच्या शिक्षण खात्याखाली येते. दर वर्षी एखाद्या शाळेची पहिलीची तुकडी बंद पडते, तेव्हा मुख्याध्यापकाने तो निर्णय बहुधा कोणाचाही सल्ला न मिळता घेतलेला असतो.

येथे माजी विद्यार्थी आणि पालक यांना करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते सर्व देणगीच्या रूपात नाही. हिशेबनीस असलेल्या माजी विद्यार्थ्याने महिन्यातून दोन दुपारी शाळेच्या वह्या पाहिल्या, तर मुख्याध्यापकाच्या दोन दुपारी वर्गांसाठी मोकळ्या होतात. शासकीय परिपत्रकांचे अचूक भाषांतर करून देणारा वकील किंवा निवृत्त अधिकारी हा संगणकसंचाइतकाच उपयोगी आहे. निवृत्त मुख्याध्यापकाला मार्गदर्शक म्हणून बोलावता येईल. अट एवढीच की त्याने आधी ऐकावे आणि 'आमच्या वेळी' हे शब्द जरा जपून वापरावेत. दुसऱ्या राज्यातील मराठी शाळेत मुख्याध्यापकाने वर्षातून एकदा तीन दिवस राहून यावे आणि तेथील प्रमुखाने पुढल्या सत्रात इकडे यावे, यासाठी लागतो तो केवळ रेल्वेभाड्याचा आणि मुक्कामाचा खर्च. हीरकमहोत्सवी निधीत कमानीसाठी आणि रंगरंगोटीसाठी तरतूद झालेली असेलच. त्याच्या शेजारी या प्रवासाची एक ओळ लिहिता येईल, आणि पहिली भेट येत्या दिवाळीच्या सुट्टीनंतर, दुसऱ्या सत्राच्या आरंभी, ठरवता येईल.