मुकादमाविना कारभार

आज आवाज एकीचा आहे, पण बोलतोय आम्ही चौदाजणी. काय सांगायचं ते मंगळवारच्या बैठकीत मिळून ठरवलं. एक गोष्ट सांगायची की झाकून ठेवायची यावर वाद झाला, दोघीजणी रुसल्याही. शेवटी सांगायचं ठरलं.

आमचा बचत गट सोलापूर जिल्ह्यातला. आम्ही ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकतो. भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर पापडासारखी होईस्तोवर शेकत बसायचं. ज्यांनी केलीय त्यांना ठाऊक आहे, थापण्यापेक्षा शेकण्यातच जीव जातो. आमच्याकडची मालदांडी ज्वारी चांगली, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण नुसत्या ज्वारीने धंदा होत नाही, कारभार लागतो.

सुरुवातीची तीन वर्षं आमचा कारभार अध्यक्षबाईंच्या डोक्यात होता. व्यापाऱ्याचे नंबर त्यांच्याकडे. पीठ किती, कुठल्या गिरणीतून, कोणाकडे किती उधारी, कोणाला किती भाकरी वाटून द्यायच्या, सगळं त्यांनाच माहीत. वहीत होतं तेवढं सोडून. बाई हुशार आणि कष्टाळू, त्याबद्दल आजही कोणाचं दुमत नाही. पण हळूहळू त्या अध्यक्षाच्या मुकादम झाल्या आणि आम्ही मजूर. त्यात त्यांचा जेवढा दोष, तेवढाच आमचा. विचारायचा कंटाळा आम्हीच केला. सांगेल तेवढं करायचं आणि शनिवारी पैसे घ्यायचे, यात एक सुख असतं.

मग त्यांच्या लेकीचं बाळंतपण निघालं. बाई पुण्याला गेल्या आणि आमचं काम नऊ दिवस बंद पडलं. पीठ होतं, चुली होत्या, अठ्ठावीस हात होते. फक्त माल कोणाला द्यायचा ते एकीलाही सांगता येईना. पुण्याला फोन लावावा तर त्या दवाखान्यात. गावातला एकजण म्हणाला, "बायकांचा धंदा, दुसरं काय होणार!" त्याचं बोलणं झोंबलं, कारण त्याला द्यायला उत्तर नव्हतं.

प्रभागसंघाच्या बैठकीत आम्ही हे बोललो, तेव्हा कळलं की हे रडगाणं आमच्या एकट्याचं नाही. सहा गावांतल्या खाण्याचे जिन्नस करणाऱ्या गटांत थोड्याफार फरकाने हेच. कुठे सगळं अध्यक्षांच्या हातात, कुठे सचिवांच्या, एके ठिकाणी तर सचिवबाईंच्या दिराच्या. आम्ही या रेडिओवरच्या ताईंना विचारलं, की बाई, मुकादमाशिवाय काम चालतं का कुठे? त्यांनी आम्हाला दोन ठिकाणांची माहिती वाचून दाखवली. त्यातलं एक तुम्ही रोज खाता.

१५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच लिज्जत. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आज तिथे ४५ हजारांच्या आसपास भगिनी आहेत. तिथे कामगार असा शब्दच नाही, सगळ्या भगिनी आणि सगळ्या मालक. सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटून वाळवून दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे, तिथे तपासणी, वजन आणि तिथल्या तिथे मजुरी. कारभार बघायला २१ जणींची समिती, तीही भगिनींतूनच आलेली. बाई लाटते ती आपल्या घरी बसून. पापड आणून दिला की पापडच बोलतो, चांगला की वाईट.

दुसरं उदाहरण लांबचं, हॉलंडचं. तिथे म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरी जाऊन परिचारिका सेवा करतात. हे काम मोठमोठ्या संस्थांकडे गेलं आणि वरचे लोक मिनिटं मोजायला लागले. आंघोळीला इतकी मिनिटं, पट्टी बदलायला इतकी. आज ही परिचारिका, उद्या दुसरी, परवा तिसरीच. म्हाताऱ्या बाईने रोज नव्या माणसासमोर अंग उघडं करायचं. योस द ब्लोक नावाचे एक गृहस्थ, स्वतः परिचारक होते. त्यांनी २००६ मध्ये वेगळी संस्था काढली. नाव ब्यूर्टझोर्ग, म्हणजे शेजारपाजारची काळजी. एका भागासाठी जास्तीत जास्त बाराजणांचा एक चमू. कोणाकडे कोणी जायचं, रजा कधी, नवीन माणूस कोण घ्यायचं, खोली कुठे भाड्याने घ्यायची, सगळं चमूच ठरवणार. बारापेक्षा जास्त झाले की दोन चमू करायचे. वर साहेब नाही. सल्ला देणारे काही लोक आहेत, पण त्यांना हुकूम सोडायचा अधिकार नाही. परिचारिका १० हजारांच्या आसपास आणि मुख्य कार्यालयात माणसं साधारण पन्नास. आम्ही ताईंना ते दोनदा वाचायला लावलं.

मग एवढ्या पसरलेल्या माणसांना बांधून कोण ठेवतं? तर त्यांची एक ऑनलाइन जागा आहे, सगळ्यांची मिळून. एखादीचं अडलं की ती तिथे प्रश्न टाकते. देशात कुठेतरी ते दुखणं हाताळलेली कोणीतरी असतेच, ती सांगते. संस्थापकही आपले बेत तिथेच मांडायचे आणि परिचारिका त्यावर बोलायच्या, नको तर नको म्हणायच्या.

हे ऐकून आम्हाला इतकंच समजलं की आमचे मुकादम दोन कामं करत होते. एक म्हणजे इकडची माहिती तिकडे पोचवणं आणि दुसरं म्हणजे ठरवणं. माहिती पोचवायला आता खिशात फोन आहे. सहा गावांतल्या सत्तरेक जणींचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक समूह केला. आमचा चौदाजणींचाही वेगळा केला.

पहिले चार महिने आम्ही हवेत होतो. खोटं कशाला सांगा! ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी बोलून निरोप पाठवायचा असं ठरलं, आणि मग लिहिता येणाऱ्याही बोलूनच पाठवायला लागल्या. सकाळी चुलीपुढे बसलं की सहा गावांचे आवाज. आमच्या भाकरी पावसाळ्यात पिशवीत मऊ पडायच्या. व्यापारी माल परत करायचा, आणि आम्ही तीन वर्षं पिठाला दोष देत होतो. एका रात्री विचारलं, तर शेजारच्या तालुक्यातल्या एकीने सांगितलं, "गरम गरम पिशवीत घालता का गं? आधी कापडावर पसरा, पार गार होऊ द्या, हाताला ऊब लागली तर भरू नका." एवढंच! परत येणारा माल जवळजवळ थांबला. आम्ही त्यांना चटणीला शेंगदाणे कितपत भाजायचे ते सांगितलं. व्यापाऱ्यांचे भावही एकमेकींना कळायला लागले. एकच व्यापारी दोन गावांना दोन भाव देत होता, तो पकडला गेला. अध्यक्षबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यातलं निम्मंअर्धं सगळ्यांच्या फोनवर होतं. त्यांना थोडं लागलं असणार. पण पुढे त्याच म्हणाल्या की आता झोप लागते.

आणि आता ती गोष्ट, जिच्यावरून वाद झाला.

एका रात्री साडेदहाला मोठी मागणी आली. तीन दिवसांत तीन हजार भाकरी, पण भाव कमी. म्हणजे भाकरीमागे आमची मजुरी अडीच रुपयांऐवजी दोन रुपये. व्यापाऱ्याला लगेच हो-नाही हवं होतं. फोनवर टाकलं. अकराजणींचे अंगठे आले. तिघींचं काहीच आलं नाही. आम्ही म्हटलं, नको असतं तर बोलल्या असत्या. घेतली मागणी.

त्या तिघींत एक आमच्या मावशी. वयाने सगळ्यांत मोठ्या, आणि भाकरी अशी की चंद्रासारखी गोल. त्यांच्याकडे फोनच नाही. नातवाच्या फोनवर निरोप जायचे आणि नातू त्या रात्री सोलापूरला. सकाळी दूध घालणाऱ्या पोराकडून मावशींना कळलं की तीन दिवसांत तीनशे भाकरी करायच्यात, त्याही दोन रुपयांनी. त्या आल्या, परात ठेवली आणि म्हणाल्या, "माझं हात मला न इचारता इकलं की गं तुम्ही." बस्स, एवढंच. त्यांनी त्या तीनशे भाकरी केल्या, एकही कमी नाही. आणि मग यायच्या बंद झाल्या.

दुसरी बाहेरगावी होती, तिचं सोडा. तिसरीने का उत्तर दिलं नाही ते आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं, तेही पाणवठ्यावर. फोन तिचा, पण संध्याकाळनंतर तो नवऱ्याच्या हातात. समूहातला प्रत्येक निरोप तो वाचायचा. कोणाला किती मिळाले याचा हिशेब आम्ही मोकळेपणा म्हणून दर शनिवारी फोनवर टाकत होतो ना? तो हिशेब बघून तो रविवारी पैसे काढून घ्यायचा. आधी ती वीस-पन्नास रुपये बाजूला टाकायची, पोरीच्या शाळेच्या खर्चासाठी. आमच्या मोकळेपणाने तिचं तेवढंही बंद झालं. चार महिने ती हे पोटात ठेवून भाकरी थापत होती, आमच्या शेजारी बसून.

हॉलंडच्या परिचारिकेचा फोन तिचाच असणार. आमच्याकडे चौदाजणींत स्वतःच्या ताब्यातला फोन आठजणींकडे आहे. हे आम्ही आधी मोजलंच नव्हतं. एका मुकादमाच्या जागी आम्ही आठ मुकादम बसवले होते आणि त्याला सगळ्यांचा कारभार म्हणत होतो.

मावशींकडे आम्ही तीनदा गेलो. पहिल्यांदा चहाही मिळाला नाही. दुसऱ्यांदा चहा मिळाला. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, भाव फोनवर ठरवायचा नाही असं ठरवा, मग बघू. आम्ही सगळ्याजणी त्यांच्याच ओसरीवर बसलो आणि ठरवलं. फोन विचारायला आणि सांगायला. भाव, मजुरी, मोठी मागणी आणि कोणाला किती वाटून द्यायचं, हे फक्त बैठकीत, समोरासमोर. तातडीचं असेल तर दोघीजणी घरोघरी फिरतील आणि चौदाजणींचा होकार घेतील. उत्तर आलं नाही म्हणजे होकार धरायचा नाही. कमाईचा हिशेब फोनवर टाकायचा नाही. वहीतून बैठकीत मोठ्याने वाचायचा, घरी किती सांगायचं ते जिचं तिने बघावं. यावर एकजण म्हणाली, हे नवऱ्याला फसवणं नाही का? त्यावर जे बोलणं झालं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

याची किंमत आम्ही मोजतोय. घरोघरी फिरून होकार घेईस्तोवर गेल्या महिन्यात एक मागणी दुसऱ्या गावच्या गटाला गेली. तीही चांगली होती. एक-दोघींना अजून वाटतं की पूर्वीचं बरं होतं, बाई सांगायच्या आणि आपण करायचो. कामं आता आळीपाळीने फिरतात. व्यापाऱ्याशी बोलायचं काम या तिमाहीत ज्यांच्याकडे आलंय त्यांना भीड पडते, त्या पहिल्याच भावाला हो म्हणून येतात. त्यांच्यासोबत अध्यक्षबाई जातात, पण गप्प बसायचं या अटीवर. ते त्यांना फार जड जातं.

पोरीच्या शाळेचे पैसे आता गटाच्या पेटीत वेगळ्या डब्यात राहतात, तिच्या सांगण्यावरून. मावशी परत आल्यात. फोन घेऊन देऊ म्हटलं तर नको म्हणाल्या. पण परवा नातवाच्या फोनवरून त्यांनी सहा गावांना पहिल्यांदा निरोप पाठवला. ज्वारीचं पीठ जुनं झालं आणि भाकरी तुटायला लागली तर आधण किती घ्यायचं, ते त्यात आहे. पावणेचार मिनिटांचा निरोप आहे, मध्येच कोंबडी हाकलल्याचा आवाजही येतो. सहाही गावांतून त्यावर प्रश्न आलेत आणि मावशी म्हणतात, उत्तरं मंगळवारी देईन, तिथं या.