चिमण्यांचे परळ



गेल्या उन्हाळ्यात मी तुळशीजवळ, अगदी जमिनीलगत, परळात कण्या मांडल्या. चिमण्या आल्या, तिसऱ्या दिवशी मांजराने एक नेली. दोष मांजराचा नव्हे, माझा. हौस होती, विचार नव्हता.

तेव्हापासून परळ शिंक्यात घालून डोक्याइतक्या उंचीवर टांगते. जवळ मांजराला चढायला भिंत वा फांदी नको. बाजरी, राळे, कण्या मूठभरच घालाव्या. मिठाचे शिळे अन्न नको. पाण्याचे परळ उथळ असावे आणि रोज घासावे. घाणीने पाखरांत रोग पसरतो. पिल्लांना अळ्या-किडे लागतात, म्हणून झाडांवर विषारी फवारा मारू नये.

२०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळतात. पण पाखरांना भूक रोजच लागते. तेव्हा प्रत्येकीने घरी एक परळ टांगावे, एवढीच माझी विनंती.