पळणं, भरती आणि विसाव्या मैलावरचा पूल

एरवी आपण इथे कोड, नोकऱ्या, व्हिसा असल्या गोष्टींवर बोलतो. आज विषय पळण्याचा आहे. बऱ्याच जणांचे मेसेज आले होते की तू ती मिलिटरीवाली मॅरेथॉन पळालास म्हणे, त्याबद्दल सांग की. तर सांगतो.

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मी मरीन कोअर मॅरेथॉन पळालो. अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनमध्ये सुरू होते, वॉशिंग्टन शहरात फिरते आणि परत आर्लिंग्टनला येऊन संपते. २६.२ मैल, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. माझी आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन. वेळ लागला ५ तास ५६ मिनिटं. नियमित पळणारे आता हसले असतील. हसू द्या. या आकड्याकडे आपण परत येणारच आहोत.

हीच का निवडली? एक कारण अगदी आळशी आहे: मी तिथून अर्ध्या तासावर राहतो. दुसरं म्हणजे हिला आधीची कुठली पात्रता वेळ लागत नाही. लॉटरीत नाव टाकायचं, लागलं तर लागलं. आणि तिसरी गोष्ट मला फारच आवडली. हिच्यात बक्षिसाची रक्कम नाही. पहिला आला तरी शून्य डॉलर. त्यामुळे केनिया-इथिओपियाचे व्यावसायिक धावपटू इकडे फिरकत नाहीत आणि लोक हिला 'पीपल्स मॅरेथॉन' म्हणतात. १९९४ साली ओप्रा विन्फ्री इथेच पळाली होती, साडेचार तासांच्या किंचित आत. तेव्हापासून इथल्या हौशी लोकांचं ध्येय काय, तर ओप्राला हरवायचं. माझं ते झालं नाही, हे तुम्ही वर ऐकलंच.

सुरुवात १९७६ ची. व्हिएतनाम युद्ध नुकतंच संपलं होतं आणि अमेरिकेत सैन्याबद्दल लोकांचं मत फार काही बरं नव्हतं. जिम फाउलर नावाच्या एका मरीन कर्नलने वरिष्ठांना लिहून सुचवलं की आपण एक मॅरेथॉन भरवू. लोकांशी संबंध सुधारतील, आपल्या लोकांना बॉस्टन मॅरेथॉनची पात्रता मिळवता येईल, आणि भरतीलाही मदत होईल. भरतीचा मुद्दा कागदावर स्पष्ट होता. मला हे वाचून गंमत वाटली, कारण माझ्या गावाकडे पळणं आणि भरती हे जवळजवळ एकाच अर्थाचे शब्द आहेत.

म्हणजे बघा. मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे 'रनिंग' हा छंद नव्हता. पहाटे साडेचारला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर जी पोरं पळायची ती 'भरतीची पोरं'. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या नाहीत. एकाच्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच. १६०० मीटर, साडेपाच मिनिटांच्या आसपास. त्यात बसलात तर पुढे बीम, लांब उडी, मेडिकल, पेपर. नाही बसलात तर त्याच एसटीने घरी. सोल्जर जनरल ड्यूटीला तेव्हा वयाची अट साडेसतरा ते एकवीस, म्हणजे हातात मोजून तीन-चार भरत्या. मी सीईटीच्या क्लासला निघालेलो असायचो तेव्हा ही पोरं घामाने निथळत परत येताना दिसायची. आम्ही एकमेकांना ओळखत होतो, पण सकाळी बोलायचो नाही. दोघांनाही आपापली परीक्षा होती.

त्यातलाच एक माझा चुलतभाऊ. मी त्याला नुसतं दादा म्हणतो. दोन भरत्यांत पळण्यातच बाहेर गेला, काही सेकंदांनी. तिसऱ्यांदा बसला. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग झालं, मग १७ वर्षं नोकरी. हवालदार म्हणून बाहेर पडला. आता साताऱ्यात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो. त्याने सीमेवरचं काय काय पाहिलं ते घरात कुणालाच सांगितलेलं नाही. विचारलं की म्हणतो, "थंडी लई असती."

लॉटरी लागली तेव्हा मी पहिला फोन त्याला केला. त्याचा पहिला प्रश्न, "पळून मिळणार काय?" मी म्हटलं, मेडल. "आन् पैसं?" म्हटलं, उलट आपण भरायचे. बराच वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "बरं. उद्यापासनं उठ."

पुढचे सात महिने तोच माझा कोच होता. माझ्याकडे ॲप होतं, घड्याळ होतं, हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा होता. शनिवारी सकाळी सहाला मी लांब पळायला निघायचो तेव्हा तिकडे दुपारचे साडेतीन वाजलेले, त्याच्या चहाची वेळ. मी आकडे सांगायचो आणि तो एकच विचारायचा, "पळताना बोलता येतंय का?" येतंय म्हटलं की, "मग चाल." स्पोर्ट्स सायन्सवाले यालाच टॉक टेस्ट म्हणतात. त्याला ते नाव माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

आता शर्यतीकडे. पहाटे अंधारात मेट्रोने पेंटागॉनला उतरायचं आणि हजारो लोकांबरोबर चालत जायचं. सुरुवातीची रेषा एका हमरस्त्यावर, एका बाजूला पेंटागॉन आणि दुसऱ्या बाजूला आर्लिंग्टनचं राष्ट्रीय दफनभूमीचं मैदान. हजारो पांढरे दगड, सरळ रांगेत. पिस्तुलाऐवजी हॉवित्झर तोफ उडते. छातीत धक्का बसतो अक्षरशः. मी अगदी मागच्या गटात होतो, त्यामुळे तोफेनंतर बराच वेळ आम्ही नुसते उभेच.

पहिले दोन-तीन मैल चढाचे आहेत, मग पोटोमॅक नदीवरचा की ब्रिज ओलांडून जॉर्जटाउन. गर्दी, बँड, आरडाओरडा. पाणी द्यायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खरे मरीन उभे असतात. लांबून गणवेशामुळे मोठे वाटतात, आणि ग्लास घ्यायला जवळ गेलं की कळतं, पोरं आहेत ही. एकोणीस-वीस वर्षांची, काहींच्या तोंडावर अजून मुरुमं. प्रत्येक ग्लासाबरोबर 'ऊरा!' अशी आरोळी. मला मनात दादाच्या रेजिमेंटची घोषणा आठवत होती: 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय, टेमलाई माता की जय'. एका टेबलाशी मी ती हळूच म्हटलीही. समोरच्या पोराला काय कळलं कोण जाणे, तो दुप्पट जोराने 'ऊरा' ओरडला.

यानंतर, निम्म्या शर्यतीच्या थोडं आधी, हेन्स पॉइंट येतं. नदीत शिरलेली जमिनीची एक लांब चिंचोळी पट्टी. प्रेक्षक जवळजवळ नसतात, वारा असतो. आणि इथे 'ब्लू माइल' आहे. 'वेअर ब्लू' म्हणून सैनिकी कुटुंबांनी सुरू केलेली एक संस्था आहे, ती हा मैल सांभाळते. रस्त्याच्या कडेला जमिनीत रोवलेले फोटो. मेलेल्या सैनिकांचे. एकेका फोटोखाली नाव. एक संपला की काही पावलांवर दुसरा, तिसरा. संपतच नाहीत.

मला हे आधीपासून माहीत होतं, मी व्हिडिओ पाहिले होते. तरी सांगतो, व्हिडिओत आवाज कळत नाही. म्हणजे आवाज नसणं कळत नाही. इतका वेळ बडबडणारे, गाणी लावणारे लोक एकदम गप्प झाले. फक्त बुटांचा आवाज. शेकडो बुटांचा. माझ्या पुढे एक धिप्पाड माणूस पळत होता, तो एका फोटोपाशी थांबला, गुडघ्यावर बसला, फोटोच्या कडेवर हात ठेवला, उठला आणि परत पळायला लागला. कुणी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

मी सुरुवातीला नावं वाचत होतो. मग बंद केलं आणि चेहरेच बघायला लागलो. बरेचसे शाळेच्या निरोप समारंभातले वाटावेत असे. यातले पुष्कळ इराक आणि अफगाणिस्तानातले. इराकचं युद्ध सुरू झालं २००३ ला, तेव्हा मी पहिलीत होतो. त्या युद्धांबद्दल माझी मतं आहेत आणि ती फार चांगली नाहीत. मी इथला नागरिकही नाही, व्हिसावर आहे. तेव्हा हा माझा शोक आहे असं मी म्हणणार नाही, तो माझा नाहीच. पण त्या चेहऱ्यांकडे बघताना मला ते अमेरिकन वाटेचनात. पहाटे साडेचारच्या डांबरी रस्त्यावरची पोरं दिसत होती. तोच आखूड केसांचा कट, फोटोसाठी तसाच ताठ धरलेला चेहरा. साडेपाच मिनिटांत बसलेली पोरं. पळण्यात पास झाल्यावर पुढे काय काय होऊ शकतं, हे मी सीईटीच्या क्लासला जाताना कधी विचारच केलेला नव्हता.

फोटो संपले की दोन्ही बाजूंना माणसं झेंडे धरून उभी असतात. तिथे मात्र लोक टाळ्या वाजवतात, पळणाऱ्यांची नावं घेऊन हाका मारतात. बिबवर माझं नाव होतं. एका आजींनी ते वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग म्हणाल्या, "यू, गो!" मी गेलो.

पुढचे मैल भरभर सांगतो. लिंकन मेमोरियल, नॅशनल मॉल, कॅपिटॉलची इमारत, सगळं पर्यटकांचं वॉशिंग्टन. माझा रूममेट पुठ्ठ्यावर देवनागरीत लिहून उभा होता: 'पळ, प्रॉडक्शन डाऊन आहे'. आजूबाजूच्या लोकांना वाटलं काहीतरी मंत्र आहे. सोळाव्या मैलापासून उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागली होती.

आणि मग पूल. हे नीट समजून घ्या, कारण या मॅरेथॉनचा कणा हाच आहे. विसाव्या मैलावर पोटोमॅक ओलांडून परत व्हर्जिनियात जाणारा पूल आहे, चौदाव्या रस्त्याचा. तो दुपारी गाड्यांसाठी उघडायचा असतो. त्यामुळे मैलाला १४ मिनिटांपेक्षा हळू असाल तर पुलावर सोडत नाहीत. बस उभी असते, तीत बसायचं आणि मॅरेथॉन संपली. याला तिकडे 'बीट द ब्रिज' म्हणतात. हिशेब सोपा: २० गुणिले १४, २८० मिनिटं, ४ तास ४०.

आमच्या धंद्यात डेडलाइन म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे. तिकीट पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलायचं, स्टँड-अपला म्हणायचं की थोडं काम बाकी आहे. मी सहा वर्षं नोकरी करतोय, पण 'या क्षणापर्यंत ये, नाहीतर घरी जा' असं घड्याळ माझ्यावर कधी लागलेलंच नव्हतं. जेईई, सीईटी यांत सुद्धा कमी मार्क पडले तर कमी चांगलं कॉलेज मिळतं. काहीतरी मिळतं. भरतीत चार सेकंद उशीर म्हणजे काहीच मिळत नाही. दादाने हे दोनदा सोसलं होतं, एकोणिसाव्या आणि विसाव्या वर्षी, आणि घरी येऊन दुसऱ्या दिवशी परत साडेचारला उठला होता.

अठराव्या मैलानंतर मी फक्त हेच पाहत होतो: घड्याळ, पाय, घड्याळ. तीन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. मोठ्याने मोजत होतो, मराठीत. पुलाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ४ तास २९ मिनिटं झाली होती. अकरा मिनिटं शिल्लक. तिथे उभ्या असलेल्या मरीनने पुलाकडे बोट केलं आणि म्हणाला की आता तुला कुणी काढू शकत नाही.

पूल स्वतः भयंकर आहे हो. लांब, काँक्रीटचा, सावली नाही, प्रेक्षक नाहीत. निम्मे लोक चालतात. मीही चाललो. मागे वळून पाहिलं नाही, कारण मागे बस होती आणि तीत चढणाऱ्यांचे चेहरे मला बघायचे नव्हते.

शेवट चढावर आहे, हा त्यांचा विनोद असावा. २६ मैल झाल्यावर डावीकडे वळून एक छोटा पण उभा चढ, आणि वर इवो जिमाचा पुतळा, झेंडा रोवणाऱ्या सहा सैनिकांचा. १९४५ च्या त्या प्रसिद्ध फोटोवरून केलेला. तिथे तरुण मरीन अधिकारी प्रत्येकाच्या गळ्यात स्वतः मेडल घालतात आणि सलाम करतात. दादाने आधीच बजावलं होतं, "तू सिव्हिलियन हाईस. उलट सॅल्यूट मारू नगंस. नुसता सावधान उभा ऱ्हा." मी सावधान उभा राहायचा प्रयत्न केला, गुडघ्याने साथ दिली नाही, तेव्हा वाकडाच उभा राहिलो.

भारतात तेव्हा रात्रीचे साडेअकरा. दादा जागा होता. अभिनंदन वगैरे काही नाही.

"पुलाव किती मिंटं उरली व्हती?"

"अकरा."

"मंग झालं की."

मी त्याला मेडलचा फोटो पाठवला. तो म्हणाला, ह्यो नगं, त्या फोटूंच्या रस्त्याचा असंल तर धाड. माझ्याकडे नव्हता, तिथे मोबाईल काढावासा वाटला नव्हता, तसं त्याला सांगितलं. "बरं केलंस," म्हणाला. थोड्या वेळाने त्याच्याकडून एक फोटो आला. बेळगावचा, ट्रेनिंगच्या बॅचचा, तीन रांगा, सगळ्यांची डोकी भादरलेली. मधल्या रांगेत दादा. त्याच्या शेजारच्या पोराच्या डोक्याभोवती त्याने मोबाईलवर बोटाने एक गोल काढला होता. खाली एक नाव लिहिलं होतं आणि एक साल. ते नाव मी इथे घेणार नाही, त्या कुटुंबाला विचारलेलं नाही. पण १७ वर्षांच्या नोकरीबद्दल दादाने घरात कुणाला सांगितलेली ही पहिली गोष्ट. त्यानंतर आम्ही त्यावर फोनवर दोनदा बोललोय, दोन्ही वेळा विषय त्यानेच काढला.

बरं, ज्यांना ही मॅरेथॉन पळायची आहे त्यांच्यासाठी: लॉटरीवर नजर ठेवा, वीस मैलांचा एक तरी सराव करा, आणि ऑक्टोबरच्या पहाटेसाठी एक जुना स्वेटर न्या, तो सुरुवातीच्या रेषेवर सोडून देता येतो, नंतर ते दान करतात. गुडघ्याचं काय झालं, फिजिओ काय म्हणाला, ते पुढच्या भागात. तोपर्यंत प्रश्न पाठवत राहा. भेटू.