घराची वाजवी किंमत : कामोठ्याच्या निमित्ताने काही विचार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात तरुण सभासदांपुढे केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलावयास सांगितले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक, वधूवर-परिचय, शिष्यवृत्ती-निधी या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते येथे आहेत. म्हणून आम्ही एक रूक्ष, परंतु आज आपल्या घराघरांत भेडसावणारा विषय निवडला आहे. आयुष्यात प्रथमच घर घेऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी समोर सांगितलेली किंमत वाजवी आहे की नाही, हे ठरवावे कसे?

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ असे आपले पूर्वज म्हणत. आज घर बांधावयाचे नसते, विकत घ्यावयाचे असते. पण अनुभव तोच येतो. आपल्या मागील पिढीने लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोल्यांत संसार केले. त्या काळीही ज्ञातीने एकत्र येऊन घरांचा प्रश्न सोडविल्याची उदाहरणे आहेत. १९१५ साली रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने मुंबईत गावदेवी येथे सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आपल्या समाजाला तसे काही उभारता आले नाही. आपली मुले एकेकटीच बाजारात उतरतात, आणि एकट्या माणसाला बाजार नेहमीच मोठा वाटतो.

कामोठ्याचे उदाहरण आम्ही घेतो ते दोन कारणांनी. आपल्या समाजाची बरीच कुटुंबे तेथे राहावयास गेली आहेत, आणि आम्ही स्वतःही तेथेच घर घेताना ठेच खाल्ली आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. कामोठे हे त्यांतलेच एक गाव. ज्यांच्या भातशेतीवर व मिठागरांवर हे नगर उभे राहिले, त्या भूमिपुत्रांनी न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात त्या लढ्यात पाच जणांनी प्राण वेचले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. कामोठ्यातील पुष्कळशा इमारती अशाच भूखंडांवर उभ्या आहेत. आपण ज्याला ‘वन-बीएचके’ म्हणतो त्याच्या पायाखाली एवढा इतिहास आहे. त्याचे स्मरण तर ठेवावेच, पण तो कागदपत्रांतही उतरलेला असल्यामुळे खरेदीदाराने तो वाचलाही पाहिजे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. गेल्या वर्षी आपल्याच समाजातील एक तरुण दांपत्य आमच्याकडे आले. दोघेही नोकरी करणारी. हाती येणारे मासिक उत्पन्न मिळून ८२ हजार रुपये. मुलाचे वडील एस. टी. महामंडळातून निवृत्त झालेले. त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचे ९ लाख आणि मुलांच्या बचतीचे ४ लाख, अशी एकूण १३ लाखांची पुंजी. चार मजली, उद्वाहक नसलेल्या, पंधरा वर्षे जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे घर. क्षेत्रफळ ६५० चौरस फूट आणि किंमत ५४ लाख. मध्यस्थ म्हणाला होता, “विमानतळ सुरू झाला की हाच भाव पाऊण कोटी होईल.” धनादेश लिहून तयार होता, आमच्याकडे मंडळी आली होती ती केवळ आशीर्वादासाठी! आम्ही म्हटले, आशीर्वाद देतो, पण आधी मोजपट्टी आणा.

पहिली कसोटी क्षेत्रफळाची. घराच्या भिंतींच्या आत वापरावयास जी जागा मिळते ती चटईक्षेत्र. जिना, मार्गिका, भिंतींची जाडी हे सारे मिसळून जो फुगीर आकडा सांगितला जातो, त्यावर काढलेला दर स्वस्त भासतो. महाराष्ट्रात १९६३ च्या सदनिका मालकी कायद्यानंतर, आणि विशेषतः २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानंतर, चटईक्षेत्र हाच व्यवहाराचा आधार मानला गेला आहे. तरी जुन्या घरांच्या पुनर्विक्रीत फुगीर आकड्याची सवय सुटलेली नाही. त्या घरात आम्ही स्वतः मोजपट्टी धरली. चटईक्षेत्र भरले ४०२ चौरस फूट. म्हणजे ६५० ने भागले असता दर ८,३०० रुपये दिसत होता. वास्तविक तो १३,४०० च्या पुढे होता.

येथे आमचीच फजिती सांगतो. स्थावर संपदा कायदा येण्यापूर्वी आम्ही कामोठ्यात घर घेतले, तेव्हा मोजपट्टी नेली नाही. विकासकाची छापील पुस्तिका पाहिली, रंगीत चित्र पाहिले आणि सही केली. ताबा मिळाल्यावर शिसवी कपाट शयनगृहात मावेना, तेव्हा कळले की आपण जिन्याचे व मार्गिकेचेही पैसे मोजले आहेत. भोगवटा प्रमाणपत्र तर पुढे कित्येक वर्षे आले नाही. ते कपाट अजून दिवाणखान्यात उभे आहे, आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्याविषयी विचारतो.

दुसरी कसोटी शेजारच्या भावाची. विकणारा मागतो ती किंमत नव्हे. प्रत्यक्ष नोंदणी झालेल्या व्यवहारांत दिसते ती किंमत. नोंदणी विभागाकडे ‘सूची क्रमांक दोन’ या नावाचा उतारा असतो, व तो संगणकावरही शोधता येतो. त्यात मिळकत, क्षेत्र, मोबदला आणि शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे येणारे बाजारमूल्य हे सारे लिहिलेले असते. आम्ही त्या गल्लीतील वर्षभरातले व्यवहार काढले. चटईक्षेत्रावर दर पडत होता ११,८०० ते १२,६०० रुपये. त्या हिशेबाने ४०२ फुटांचे मूल्य साडेसत्तेचाळीस ते साडेपन्नास लाख येते. म्हणजे वरची मर्यादा धरली तरी साडेतीन लाख अधिक मागितले जात होते. मात्र एक सावधगिरी बाळगावी : काही व्यवहारांत रकमेचा भाग रोखीने, कागदाबाहेर दिला जातो. अशा रकमेला ना कर्ज मिळते, ना पुरावा राहतो. आणि वाद झाल्यास ती आपली होती असे म्हणण्याचीही सोय उरत नाही. त्या वाटेला जाऊच नये.

तिसरी कसोटी भाड्याची. तशाच घराचे त्या भागातील भाडे १४ हजार. वर्षाचे झाले १ लाख ६८ हजार. चोपन्न लाखांना त्याने भागले तर ३२ येतात. म्हणजे बत्तीस वर्षांचे भाडे आज एकरकमी मोजावयाचे. आपल्या महानगरांत हे प्रमाण मोठेच असते, म्हणून एवढ्यावरून घर नाकारावे असे आम्ही म्हणणार नाही. स्वतःच्या घराला जे स्थैर्य असते त्याचे मोल भाड्याच्या गणितात बसत नाही. परंतु बत्तिसातील जो भाग राहण्याच्या सुखाचा नसून उद्याच्या भाववाढीच्या आशेचा आहे, तो ओळखता आला पाहिजे. नवी मुंबई विमानतळाचे भूमिपूजन २०१८ साली झाले, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून उड्डाणे सुरू झाली. अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. या साऱ्याची चर्चा वर्षानुवर्षे चाललेली होती, आणि विकणाऱ्यांनी ती किमतीत केव्हाच मिळविलेली आहे. जे आधीच भावात मुरले आहे, त्यासाठी पुन्हा निराळे पैसे मोजण्याचे कारण नाही.

चौथी कसोटी कागदांची. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असते. तेव्हा पट्ट्याची किती वर्षे उरली, हस्तांतरणाचे सिडकोचे शुल्क किती व ते कोण भरणार, हे आधी ठरवावे. साडेबारा टक्क्यांचा भूखंड असल्यास मूळ लाभधारक, सिडको व विकासक यांच्यातील त्रिपक्षीय करारनामा पाहावा. भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. जमिनीचे अभिहस्तांतरण गृहनिर्माण संस्थेच्या नावे झाले काय, हे विचारावे. पनवेल महानगरपालिका २०१६ च्या ऑक्टोबरात स्थापन झाली आणि तेव्हापासूनच्या मालमत्ता कराच्या आकारणीवरून सिडको वसाहतींतील रहिवाशांत मोठा असंतोष झाला; त्यामुळे अनेक घरांवर थकबाकी साचली. त्या घरावरही होती. गृहनिर्माण संस्थेचे हस्तांतरण अधिमूल्य मात्र महानगरपालिका क्षेत्रात २५ हजारांहून अधिक मागता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. गावठाणालगत गरजेपोटी बांधलेल्या इमारतींतील घरे पुष्कळ स्वस्त मिळतात. त्यांच्या मालकांविषयी आम्हांस सहानुभूतीच आहे. पण परवानगीचा कागद नसलेल्या घरावर बँक सहसा कर्ज देत नाही, आणि प्रथमच घर घेणाऱ्याने सारी पुंजी तेथे घालू नये. याखेरीज पाण्याचा दाब किती, उन्हाळ्यात टँकर येतात काय, पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचते काय, हे मध्यस्थाला नव्हे, तळमजल्यावरच्या गृहिणीला विचारावे.

पाचवी कसोटी आपल्या खिशाची, आणि ही सर्वांत कठोर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते, आणि हे मूल्य बँकेचा मूल्यांकक ठरवितो. समजा त्याने पूर्ण ५४ लाख मान्य केले. तरी १० लाख ८० हजार पदरचे. मुद्रांक शुल्क सहा ते सात टक्के धरावे. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास त्यात एक टक्क्याची सवलत आहे. नोंदणी शुल्क ३० हजार. मध्यस्थी, वकील, रंगरंगोटी धरता हाती १६ लाख हवेत. मुलांजवळ होते १३. उरलेले तीन लाख सुनेच्या दागिन्यांवर काढावयाचे ठरले होते. वर ४३ लाख २० हजारांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा मासिक हप्ता सुमारे साडेसदतीस हजार. म्हणजे उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांहून अधिक. वीस वर्षांत फेड होते जवळजवळ ९० लाखांची. वडिलांच्या आजारपणासाठी एक रुपयाही शिल्लक राहत नव्हता.

येथे एक भेद स्पष्ट करतो, कारण तरुणांची गल्लत येथेच होते. घराची वाजवी किंमत निराळी आणि आपल्याला झेपणारी किंमत निराळी. ते घर ५० लाखांना मिळाले असते तर भाव वाजवी ठरला असता. हप्ता तरीही ३४,७०० च्या आसपास येऊन ओढाताण झालीच असती. सरकारी घरांनाही हाच न्याय लागतो. सिडकोने २०२५ च्या जानेवारीत आपल्या योजनेतील घरांचे दर जाहीर केले, त्यांत मानसरोवर स्थानकाजवळच्या घराची किंमत ४१ लाख ९० हजार होती. अल्प उत्पन्न गटाला हे कसे परवडावे, असा प्रश्न अर्जदारांनी मोठ्या आवाजात विचारला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुर्बल व अल्प उत्पन्न गटांच्या घरांसाठी दहा टक्के कपात घोषित झाली. किंमत ही काही ब्रह्मलिखित नव्हे. प्रश्न विचारणारे असले की ती हलते.

पुढे काय झाले, ते सांगितले पाहिजे. आम्ही ५० लाखांचा प्रस्ताव देण्यास सुचविले, तोही वडिलांचे चार लाख बाजूस ठेवता येतील इतके कर्ज बसले तरच. विक्रेत्याने तो झिडकारला. घर हातचे गेले. सून रडली. मुलाची आई आम्हांस म्हणाली, “काका, तुमच्या मोजपट्टीने आमचे घर मोजून नेले.” ते वाक्य आम्ही अजून विसरलो नाही. ती मंडळी आजही भाड्याच्याच घरात आहेत. दोन वर्षांत भाव चढले तर आमचा सल्ला महाग पडला असे लोक म्हणतील, आणि ते ऐकून घेण्याची आमची तयारी आहे. परंतु वडिलांचे नऊ लाख शाबूत आहेत, दागिने घरात आहेत, आणि दरमहा काही रक्कम बाजूस पडते आहे. भाव चुकला तर पुन्हा संधी येते. कर्जाच्या ओझ्याखाली संसार वाकला तर ती वर्षे परत येत नाहीत.

शेवटी मंडळास दोन सूचना. पहिली, दर महिन्याच्या एका रविवारी समाजातील वकील, अभियंते व बँकेतील बंधूंनी कार्यालयात बसावे आणि घर घेणाऱ्यांचे कागद विनामूल्य पाहावेत. दुसरी सूचना कडू आहे. एका दिवसाच्या लग्नात आपण जे लाख उधळतो, त्यांतील निम्मे वधूवरांच्या नावे घरासाठी ठेवावेत. मांडव दुसऱ्या दिवशी उतरतो. छप्पर जन्मभर लागते.

आमची मोजपट्टी मात्र कोणाही सभासदास केव्हाही मिळेल.